गणितातील नावे आणि त्यांचे वारस

वसंतातल्या संध्याकाळी, दिवसभराचा उकाडा ओसरल्यावर, मोकळ्या पटांगणात बसून गणितावरचे व्याख्यान ऐकायचे ही कल्पना पुष्कळांना शिक्षेसारखी वाटेल. शाळेत एकदा भोगून झालेली शिक्षा पुन्हा कशाला, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो की, शेवटी एक लहानशी वजाबाकी सोडली तर आज कोणालाही उदाहरण सोडवावे लागणार नाही. आजचा विषय आहे गणितातल्या शब्दांचा, आणि प्रमेयांना व सूत्रांना जी माणसांची नावे चिकटली आहेत त्यांचा. घराण्यांचा इतिहास आपण आवडीने ऐकतो. शब्दांनाही घराणी असतात, त्यांतही दत्तकविधान होते, वारसाहक्काचे तंटे होतात, आणि कधी कधी खरा वारस दाराबाहेर उभा राहतो.

माध्यमिक शाळेचे भूमितीचे पुस्तक घ्या. वर्तुळाच्या प्रकरणात ‘जीवा’ हा शब्द भेटतो. वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी रेषा ती जीवा. त्याच पुस्तकात थोडे पुढे गेले की त्रिकोणमितीच्या प्रकरणात ‘साइन’ हा शब्द भेटतो. पहिला आपला आणि दुसरा इंग्रजी, असे विद्यार्थी समजतो, आणि त्याला तसे समजू दिले जाते. वस्तुतः हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत.

आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी वर्तुळाच्या तुकड्याकडे पाहिले तेव्हा त्यांना धनुष्य दिसले. म्हणून त्या तुकड्याला ते ‘चाप’ म्हणाले, त्याची दोन टोके जोडणाऱ्या रेषेला ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणजे धनुष्याची दोरी म्हणाले, आणि दोरीच्या मध्यापासून चापापर्यंतच्या रेषेला ‘शर’ म्हणाले. ग्रहांच्या गणितात संपूर्ण दोरीपेक्षा अर्धी दोरी अधिक उपयोगी पडते, हे त्यांच्या ध्यानात आले. तिला ‘अर्धज्या’ असे नाव मिळाले आणि पुढे बोलण्याच्या सोयीसाठी तीही नुसती ‘ज्या’ झाली. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने अशा चोवीस ज्यांचे कोष्टक देऊन ठेवले आहे.

आठव्या शतकात भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ बगदादला पोहोचले. तिथल्या पंडितांनी ‘शर’ या शब्दाचा अर्थ घेतला आणि आपल्या भाषेत त्याला बाणच म्हटले. ‘जीवा’चा मात्र त्यांनी ध्वनी घेतला आणि ‘जीबा’ असा एक नवा शब्द बनवला. अरबी लिखाणात सगळे स्वर लिहिण्याची पद्धत नाही. ‘जीबा’ला अरबी भाषेत स्वतःचा काही अर्थ नव्हता, म्हणून पुढचे वाचक त्या अक्षरांचा ‘जैब’ असा उच्चार करू लागले, आणि या शब्दाला मात्र अर्थ होता: वस्त्राची घडी, छातीवरचा खोळ. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली तेव्हा भाषांतरकारांनी ‘जैब’चा अर्थ पाहिला आणि ‘सायनस’ हा लॅटिन शब्द ठेवला. त्याचाही अर्थ घडी, खोळ, समुद्राचा आखात असाच आहे. त्या सायनसचा इंग्रजीत ‘साइन’ झाला आणि इंग्रजी शाळांबरोबर तो आपल्याकडे परत आला. गंमत अशी की, तोच ‘जैब’ फारसीच्या वाटेने ‘जेब’ होऊन आधीच आपल्याकडे येऊन बसला होता. जेबकतरा ज्या जेबेत हात घालतो ती जेब आणि त्रिकोणमितीतली साइन या शब्दांच्या नात्याने सख्ख्या बहिणी आहेत!

‘त्रिज्या’ या शब्दाचेही असेच आहे. वर्तुळाच्या मध्यापासून परिघापर्यंतच्या रेषेला आपण रोज त्रिज्या म्हणतो. यातले ‘त्रि’ कुठून आले, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर मोठी माणसे गप्प बसतात. उत्तर सोपे आहे. वर्तुळाच्या बारा राशी, एका राशीचे तीस अंश, तीन राशींचे नव्वद अंश. आणि नव्वद अंशांची ज्या ही बरोबर अर्ध्या व्यासाइतकी असते. तीन राशींची ज्या ती त्रिज्या. एवढ्या एका शब्दात आकाशाचे सगळे मोजमाप साठवलेले आहे.

शून्याचा प्रवास बहुतेकांच्या कानांवरून गेलेला असेल. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचे नियम लिहिले. ‘शून्य’ म्हणजे रिकामे. अरबांनी त्याचा अर्थ घेऊन ‘सिफ्र’ म्हटले. १२०२ साली पिसा शहराच्या लिओनार्दोने, म्हणजे ज्याला पुढे फिबोनाची म्हणू लागले त्याने, आपल्या ग्रंथात त्याचे ‘झेफिरम’ केले, आणि त्याचेच इटलीत ‘झीरो’ झाले. त्याच सिफ्रपासून गुप्त लिपीला ‘सायफर’ हा शब्द मिळाला. ‘अल्जिब्रा’ हा शब्द बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीच्या ग्रंथनामातला आहे. हा ग्रंथ नवव्या शतकाच्या पूर्वार्धातला. ‘अल्-जब्र’ म्हणजे मोडलेले सांधणे. समीकरणाच्या एका बाजूला वजा झालेली राशी दुसरीकडे नेऊन तुटलेले सांधायचे, असा तो भाव आहे. आणि स्पॅनिश भाषेत हाडवैद्याला याच शब्दावरून ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत असत. खुद्द अल्-ख्वारिझ्मीच्या नावाचा लॅटिन अपभ्रंश म्हणजे ‘अल्गोरिदम’, जो आज संगणकामुळे घरोघर ऐकू येतो. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने बीजगणिताला ‘कुट्टक’ म्हटले. कुट्टक म्हणजे कुटणारा. मोठ्या संख्या पुन्हा पुन्हा भागून, खलबत्त्यात कुटल्याप्रमाणे बारीक करीत न्यायच्या, म्हणजे उत्तर हाती येते. एका देशाने गणितात हाडवैद्य पाहिला, दुसऱ्याने खलबत्ता पाहिला. दोघांनाही आपल्या घरातलीच वस्तू आठवली.

इथपर्यंत सगळे गोड आहे. शब्दांच्या प्रवासात कोणाचा अपमान होत नाही. ‘जीवा’ची जेब झाली तरी कोष्टकातला एक आकडाही चुकला नाही. परंतु आता माणसांच्या नावांकडे वळू या, कारण तिथे मानापमानाचा प्रश्न येतो.

कलनशास्त्रात ‘लोपितालचा नियम’ म्हणून एक नियम शिकवतात. लोपिताल हा फ्रान्समधला एक सरदार. १६९६ साली त्याने कलनशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात हा नियम आला. नियम शोधला होता योहान बर्नुली या स्विस गणितज्ञाने. १६९४ साली लोपितालने त्याला पत्र लिहून वर्षाला तीनशे लिव्र देऊ केले. अट अशी होती की, बर्नुलीने आपले नवे शोध त्याला कळवावेत आणि दुसऱ्या कोणाला कळवू नयेत. तरुण बर्नुलीला पैशाची गरज होती. पुस्तक गाजले, पिढ्यान् पिढ्या तेच शिकवले गेले, आणि नियमाला नाव लागले ते पुस्तक लिहिणाऱ्याचे. लोपितालच्या मृत्यूनंतर बर्नुलीने तक्रार केली. परंतु त्याच्या म्हणण्याची खात्री पटण्याइतके कागद उजेडात येण्यास विसावे शतक लागले.

इथे निदान दोघांची ओळख तरी होती. ‘पेलचे समीकरण’ याहून विलक्षण आहे. एका वर्गसंख्येला दिलेल्या संख्येने गुणावे, त्यात एक मिळवावा, आणि आलेली संख्याही पूर्ण वर्ग असावी, अशा दोन संख्या शोधायच्या. दिलेली संख्या ९२ असेल तर १२० आणि ११५१ या दोन संख्या येतात. हे उदाहरण ब्रह्मगुप्ताचे आहे. दिलेली संख्या ६१ असेल तर मात्र भल्याभल्यांची दमछाक होते, कारण या प्रश्नाचे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ असे आहे. १६५७ साली फर्मा या थोर फ्रेंच गणितज्ञाने हाच ६१चा प्रश्न आव्हान म्हणून टाकला. इंग्लंडमध्ये ब्रंकर याने अशा प्रश्नांची रीत शोधून काढली. पुढच्या शतकात ऑयलरने ब्रंकरच्या ऐवजी पेल या दुसऱ्याच इंग्रजाचे नाव चुकून घेतले, आणि ऑयलरसारख्याने घेतलेले नाव म्हणून तेच रूढ झाले.

फर्माला ठाऊक नव्हते की, हेच ६१चे उदाहरण भास्कराचार्यांनी ११५० साली आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात ‘चक्रवाल’ रीतीने सोडवून ठेवले होते. कोलब्रुकने भास्कराचार्यांच्या व ब्रह्मगुप्ताच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले ते १८१७ साली. तोपर्यंत पेलचे नाव पक्के झाले होते.

हे ऐकून आपल्याला राग येतो आणि मग त्या समीकरणाला भास्कराचार्यांचे नाव द्यावे असे वाटते. पण थोडे थांबले पाहिजे. १९५४ साली कृपाशंकर शुक्ल या विद्वानाने एक जुनी टीका उजेडात आणली. ही टीका उदयदिवाकराने १०७३ साली, म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्माच्या चाळीस वर्षे आधी लिहिली. तीत जयदेव नावाच्या आचार्याचे वीस श्लोक उद्धृत केले आहेत आणि चक्रवाल रीत त्यांत आहे. या जयदेवाचा दुसरा एकही ग्रंथ आपल्या हाती नाही. दुसऱ्याच्या पोथीत वीस श्लोक राहिले म्हणून तो राहिला. आणि स्वतः भास्कराचार्य काय म्हणतात? ही रीत माझी, असे ते कोठेही म्हणत नाहीत. हिला ‘चक्रवाल’ म्हणतात, असे ते सांगतात. म्हणजे नाव आणि श्रेय दोन्ही पूर्वसूरींकडे ठेवतात. जो मान भास्कराचार्यांनी घेतला नाही तो आपण त्यांच्या नावाने जबरदस्तीने घ्यावा, आणि तसे करताना बिचाऱ्या जयदेवाला दुसऱ्यांदा पुसून टाकावे, हे त्यांना आवडले असते असे आम्हांस वाटत नाही.

हीच सावधगिरी पायथागोरसच्या प्रमेयाविषयी हवी. काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरचा वर्ग हा दोन भुजांवरच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे पायथागोरसच्या आधी बौधायनाच्या शुल्बसूत्रात स्पष्ट सांगितले आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. शुल्बसूत्रात ते आहे, यात शंका नाही. यज्ञवेदी दोरीने आखताना त्या लोकांना ते लागत होते. परंतु बाबिलोनच्या एका मातीच्या विटेवर अशा त्रिकोणांच्या संख्यांच्या पंधरा ओळी कोरलेल्या सापडल्या आहेत, आणि ती वीट इसवी सनापूर्वी सुमारे अठराशे वर्षांची आहे. पायथागोरसने स्वतः लिहिलेले एक अक्षरही उरलेले नाही. आणि ‘असे असते’ एवढ्यावर न थांबता ‘असेच का असले पाहिजे’ हे पायरी पायरीने सिद्ध करून दाखवणारी जी जुनी मांडणी सर्व जगाने गिरवली, ती युक्लिडची आहे. बाबिलोनचा लेखनिक, आपला बौधायन, ग्रीसचा युक्लिड या प्रत्येकाचा वाटा वेगळा आहे. एकाचा वाटा मोठा दाखवण्यासाठी दुसऱ्याचा लपवला, तर शेवटी आपल्या खऱ्या वाट्यावरही लोक विश्वास ठेवीत नाहीत. खोटा दावा करणाऱ्याचा खरा दावाही कोर्टात पडतो, हे व्यवहारात आपण सर्वजण जाणतोच.

मग नावे कोणाची राहतात? आमच्या मते याचे उत्तर छंदःशास्त्रात सापडते. आपल्या मात्रावृत्तांत लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. चार मात्रांचा तुकडा किती तऱ्हांनी भरता येईल? मोजून पाहा: पाच. पाच मात्रांचा? आठ. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा असे हे आकडे वाढत जातात; प्रत्येक आकडा मागच्या दोहोंची बेरीज असतो, कारण तुकड्याचा शेवट एक तर लघूने होतो नाही तर गुरूने. विरहांक, गोपाळ आणि बाराव्या शतकातले जैन आचार्य हेमचंद्र यांना हा नियम ठाऊक होता. १२०२ साली फिबोनाचीने सशांच्या जोड्यांचे कोडे घालून हेच आकडे युरोपला दिले, आणि एकोणिसाव्या शतकात ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने त्यांना फिबोनाचीचे नाव लावले. पास्कालचा म्हणून जो संख्यांचा त्रिकोण प्रसिद्ध आहे तो दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या सूत्रांवरील टीकेत ‘मेरुप्रस्तार’ म्हणून समजावला आहे. पण त्याच त्रिकोणाला इराणात खय्यामचा म्हणतात, चीनमध्ये यांग हुईचा म्हणतात आणि इटलीत तार्तालियाचा म्हणतात. याचा अर्थ उघड आहे. ज्याने ज्या समाजाला ती गोष्ट शिकवली, त्याचे नाव त्या समाजाने लावले. स्टीफन स्टिग्लर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९८० साली नियमच सांगितला की, कोणत्याही शोधाला त्याच्या मूळ शोधकाचे नाव मिळत नाही. आणि हा नियमही आपला नसून रॉबर्ट मर्टनचा आहे, असे त्याने हसत हसत नमूद करून ठेवले.

केरळातल्या माधवाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. चौदाव्या शतकात संगमग्रामच्या माधवाने वर्तुळाच्या परिघाची अनंत श्रेणी सांगितली: एकातून एक तृतीयांश वजा, एक पंचमांश अधिक, एक सप्तमांश वजा, असे अनंतापर्यंत गेले की परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराचा चौथा भाग मिळतो. युरोपात ही श्रेणी ग्रेगरी आणि लायब्नित्स यांच्या नावे १६७०च्या सुमारास आली. माधवाचे हे गणित शिष्यपरंपरेने दोनशे वर्षे टिकले, आणि सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात त्याच्या सिद्धता मांडल्या. त्याने हा ग्रंथ संस्कृतात न लिहिता मल्याळम भाषेत लिहिला, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. उच्च गणित लोकभाषेत सांगता येत नाही म्हणणाऱ्यांना चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच दिलेले हे उत्तर आहे. पण ती परंपरा केरळाबाहेर फारशी गेली नाही. १८३४च्या सुमारास व्हिश नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिच्यावर निबंध लिहिला, तोही बराच काळ दुर्लक्षित राहिला.

आपल्या खानदेशात याची दुसरी बाजू दिसते. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रसिद्धीस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापन केला, आणि त्या मठाला १२०७ साली जी देणगी मिळाली तिची नोंद या शिलालेखात आहे. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. ‘लीलावती’ देशभर शतकानुशतके पाठ झाली यात ग्रंथाचा गुण तर आहेच. पण ग्रंथ शिकवण्याची तजवीज करणारे नातू आणि मठाला उत्पन्न तोडून देणारी माणसेही होती. जयदेवाला असा नातू मिळाला नसावा.

आता ती कबूल केलेली वजाबाकी. चार अंकांची कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नसावेत. भास्कराचार्यांचे जन्मवर्ष १११४ हेच घेऊ. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. ४१११ वजा १११४ म्हणजे २९९७. पुन्हा तेच: ९९७२ वजा २७९९ म्हणजे ७१७३. पुढे ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि मग ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. कोठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत येथेच यावे लागते. जगभर या संख्येला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. त्यांना काही विद्वानांनी गंभीरपणे घेतले नाही. ते पदरमोड करून पुस्तिका छापीत राहिले आणि मुलांना संख्यांचे खेळ दाखवीत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले. त्यांनी दिलेले ‘हर्षद संख्या’ हे नाव आज परदेशातले गणिती जसेच्या तसे वापरतात. आणि डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांनी ठेवलेल्या ‘डेम्लो संख्या’ही गणिताच्या कोशांत जाऊन बसल्या आहेत. एके काळी आपली ‘जीवा’ बगदादला गेली, तसाच आपला ‘हर्षद’ आता जगात फिरतो आहे. आणि या खेपेला मूळ शब्द कोणी मोडला नाही.

या सगळ्या इतिहासातून आम्ही एवढेच मागतो. पाठ्यपुस्तकातली नावे पुसून नवी नावे लिहिण्याची घाई करू नये. पायथागोरस, पास्काल, पेल ही नावे आता जगाच्या बोलण्यात पत्त्यासारखी रुजली आहेत आणि पत्ता बदलला की पत्र पोहोचत नाही. परंतु शिक्षकाने ‘जीवा’ शिकवताना ‘साइन’ची हकीकत सांगावी. ‘त्रिज्या’ म्हणजे काय, असे विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नये. बौधायन सांगावा, आणि त्याच तासाला बाबिलोनची वीट आणि युक्लिडची सिद्धताही सांगावी. सभेत कोणी म्हणाले की सगळे गणित आपलेच, तर कोणत्या ग्रंथात, कोणत्या शतकात, असे नम्रपणे विचारावे. आणि कोणी म्हणाले की आपले काहीच नाही, तर त्याला ६१चे उदाहरण घालावे. आपल्या गावातला एखादा शाळामास्तर आज संध्याकाळी वहीत आकडे मांडीत बसला असेल, तर त्याची वही एकदा मागून पाहावी. चांगदेवाने मठ काढला. आपल्याला एवढे तरी सहज करता येण्यासारखे आहे.